जुन्या डायकास्ट गाडीच्या बॉडीवर कस्टम गाडी: नवशिक्यांसाठी

मॅचबॉक्स, हॉट व्हील्स, कॉर्गी, डिंकी या जुन्या धातूच्या खेळण्यातल्या गाड्यांची बॉडी घेऊन तिच्यावर आपल्या मनाची गाडी बांधायची, असा हा छंद. चाकं बदलायची, गाडी खाली बसवायची, छप्पर उतरवायचं, रंग नवा द्यायचा. जुनी बॉडी वापरण्याचं कारण सरळ आहे. तेव्हाचं ओतकाम जाड असतं, दारं-बॉनेटच्या रेषा खोल असतात, आणि बेसही (खालचा तळ) बऱ्याचदा धातूचा असतो. आजच्या स्वस्त गाडीत बेस प्लास्टिकचा आणि छपराचे खांब काडीसारखे. तिथे करवत लावली की खांबच तुटतो.

इथली मापं मुख्यतः तीन इंची, म्हणजे ढोबळमानाने १:६४ च्या (खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या) गाड्यांची आहेत. कॉर्गी आणि डिंकी मोठ्या, १:४३ ते १:४८ च्या आसपासच्या. त्यांच्यात काय वेगळं करायचं ते जागोजागी सांगितलं आहे.

कुठली गाडी फोडायची, कुठली नाही

घाई होते ती इथे. जुनी गाडी दिसली की ड्रिल हातात घ्यायचा मोह होतो. पण एकदा बेस पकडून ठेवणारा रिव्हेट फोडला आणि मूळ रंग उतरवला की संग्राहकाच्या लेखी त्या गाडीची किंमत गेली, आणि ती परत येत नाही. म्हणून आधी गाडी उलटी करून बेस वाचा.

हॉट व्हील्सच्या बेसवरचं साल उत्पादनाचं नसतं. तो साच्याच्या कॉपीराइटचा आकडा असतो. '१९६९' लिहिलेली गाडी १९९५ मध्येही बनलेली असू शकते. खरं वय चाकांवरून, रंगावरून आणि बनवल्याच्या देशावरून ठरतं. टायरच्या कडेला लाल रेघ असलेली 'रेडलाइन' चाकं १९६८ ते १९७७ या काळातली. त्यातही सुरुवातीच्या वर्षांचा काचेसारखा पारदर्शक, आतून धातू चमकणारा 'स्पेक्ट्राफ्लेम' रंग शाबूत असेल, तर ती गाडी जशी आहे तशी ठेवा.

मॅचबॉक्सचं तसंच. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ पासून त्या बनवल्या आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाली. तेव्हा 'लेस्नी, इंग्लंड' असं बेसवर असेल तर गाडी बहुधा त्याआधीची. १९६९ मध्ये हॉट व्हील्सला तोंड द्यायला त्यांनी 'सुपरफास्ट' चाकं आणली. जुन्या बॉडीला नवी चाकं लावलेल्या त्या संक्रमणकाळातल्या गाड्यांना संग्राहक चांगले पैसे मोजतात.

आपल्याकडच्या दोन गोष्टी वेगळ्या लक्षात ठेवा. डिंकीच्या साच्यांवरून कोलकात्यात बनलेल्या 'निकी' गाड्या, आणि बेसवर 'लिओ' किंवा 'इंडिया' अशी अक्षरं असलेल्या 'लिओ मॅटेल'च्या हॉट व्हील्स. रंग ओबडधोबड, चाकं डुगडुगती, म्हणून अनेक घरांतून त्या भंगारात गेल्या. आणि नेमक्या त्याच कारणाने आज परदेशातले संग्राहकसुद्धा त्या शोधत असतात. आजोळच्या माळ्यावर अशी गाडी सापडली तर ड्रिल खाली ठेवा.

फोडायला योग्य गाडी कशी? रंग निम्म्याहून जास्त गेलेला, एखादं चाक नाही, काच फुटलेली, डबी नाही. मात्र बॉडीचे खांब सरळ, बॉनेट-छपराला खोल ठोका नाही, आणि आतले रिव्हेटचे खुंट शाबूत. मुंबईत चोर बाजार आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे असा माल ढिगातून मिळतो. ढिगातली गाडी सुट्या गाड्यांच्या भावात घ्या. विक्रेता 'व्हिंटेज' म्हणून वेगळी काढून दाखवतो ती बहुधा आपल्या कामाची नसते.

एक गोष्ट विकत घेण्याआधीच तपासा. या गाड्यांचा धातू म्हणजे झामॅक, इंग्लंडात मॅझॅक: सुमारे ९५ टक्के जस्त, ४ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम आणि अगदी थोडं मॅग्नेशियम. ओतताना त्यात शिशाची भेसळ राहिली तर पुढे वर्षानुवर्षं धातू आतून कणाकणाने किडत जातो. बॉडीवर जाळ्यासारख्या बारीक भेगा, फुगलेली कड, केळ्यासारखा वाकलेला बेस ही लक्षणं. १९३० च्या दशकातल्या गाड्यांत हा रोग जास्त आढळतो. युद्धानंतर शुद्ध जस्त वापरात आलं आणि तो कमी झाला. त्याला इलाज नाही. अशी गाडी ड्रिलखाली भाकरीसारखी तुकडे होऊन पडते. नुसती वरवर पांढरी भुकटी असेल तर ते साधं जस्ताचं गंजणं आहे. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो.

लागणारं सामान

हातात धरायचा पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचा बारीक ड्रिल) किंवा वेग कमी-जास्त करता येणारा छोटा ड्रिल. १.६, २.० आणि ३.२ मिमीचे बिट. एम२ (२ मिमी) चा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, आणि एम२ चे ४ व ५ मिमी लांबीचे गोल डोक्याचे स्क्रू. सेंटर पंच, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायला), बारीक कानशींचा संच, सोनार वापरतात ती करवत आणि तिची २/० किंवा ३/० नंबरची पाती डझनभर, कारण पाती तुटणारच. ४००, ६००, १०००, १५००, २००० नंबरचा पॉलिश पेपर. दोन भागांचं २४ तासांत घट्ट होणारं इपॉक्सी (अराल्डाइट) आणि एम-सील. बाहेरून १.६ मिमी जाडीची पितळी नळी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर यातलं जवळजवळ सगळं एका फेरीत मिळतं. १:४३ च्या गाड्या करणार असाल तर एम२.५ चा टॅप (त्याला २.०५ मिमी बिट) आणि एम३ चा (२.५ मिमी बिट) जोडीला घ्या.

चष्मा आणि मास्क हवेच. जस्ताची धूळ आणि कापताना उडणारे तुकडे दोन्ही वाईट.

बेस उघडणे

तीन इंची गाडीत बॉडीच्या आतून दोन खुंट खाली येतात, बेसच्या भोकांतून बाहेर निघतात आणि त्यांचं टोक दाबून पसरवलेलं असतं. तोच रिव्हेट. काही मॅचबॉक्समध्ये एकच रिव्हेट असतो आणि दुसऱ्या टोकाला बेस खाचेत अडकवलेला असतो. तिथे एक फोडला की बेस सरकवून निघतो. उगाच दुसरा शोधत बसू नका.

गाडी जाड फडक्यात गुंडाळून, छप्पर खाली करून टेबलाच्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) हलकेच धरा. रिव्हेटच्या डोक्याच्या बरोब्बर मध्यावर सेंटर पंचाने खूण करा. ही खूण हुकली तर बिट घसरतो, खुंट एका बाजूने खाल्ला जातो, आणि पुढे आटे पाडताना ती बाजू फुटते. आता ३.२ मिमीचा बिट, वेग कमी, दाब हलका. धातूचा चंदेरी भुसा निघत राहतो आणि एका क्षणी डोक्याची पातळ चकती अंगठीसारखी बिटवर चढून गरगर फिरायला लागते. तिथेच थांबायचं. बेस नखाने किंचित उचलून पाहा. उचलला गेला तर झालं. उचलला जात नसेल तर अर्धा मिलिमीटर आणखी. अनेकजण इथे जोर लावत राहतात, खुंट अर्धा होतो, आणि मग स्क्रूला धरायला काही उरत नाही.

बेस निघाला की आतली काच, सीट, चाकं ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडून मोबाइलवर फोटो काढा. कॉर्गीमध्ये सस्पेन्शनच्या पट्ट्या आणि दाराच्या बारीक स्प्रिंगा असतात. बेस उचलताक्षणी त्या उडतात, म्हणून ती गाडी मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा.

आता आटे. खुंटाच्या मध्यातून १.६ मिमीचा बिट ५ ते ६ मिमी खोल जाऊ द्या. बिटला त्या मापावर चिकटपट्टीचा झेंडा लावा, कारण खुंटाचं दुसरं टोक थेट बॉनेटला किंवा डिकीला जोडलेलं असतं आणि एक मिलिमीटर जास्त गेलं की बिट वरून डोकावतो. टॅप हाताने, तेलाचा एक थेंब टाकून: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. झामॅकचा भुसा चिकट असतो, खाचांत भरतो. दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून ब्रशने साफ केला नाही तर तो आतच तुटतो, आणि दोन मिलिमीटरचा तुटलेला टॅप खुंटातून काढणं म्हणजे गाडी गेली असंच समजा.

खुंट चिरला असेल तर त्यावर घट्ट बसेल अशी पितळी नळी इपॉक्सीने चढवा, २४ तास ठेवा आणि मगच आटे पाडा.

रंग उतरवणे

जुन्या रंगावर नवा चढवू नका. दोन थरांत दार-बॉनेटच्या रेषा बुजतात. १:६४ मध्ये ०.१ मिमी रंग म्हणजे खऱ्या गाडीवर ६.४ मिमीचा लेप.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं जेलसारखं पेंट रिमूव्हर काम करतं. काचेच्या बरणीत फक्त धातूची बॉडी ठेवा. काच, सीट, चाकं काहीही प्लास्टिक नको. ब्रशने जाड थर लावून झाकण ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत रंग सुरकुत्या पडून उठतो. टूथब्रशने घासा, उरलं तर पुन्हा एक थर. तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे ओरखडे प्राइमरमधूनही दिसतात. काम गच्चीत किंवा उघड्या गॅलरीतच करा. डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलं असेल तर नायट्राइलचे पातळ हातमोजे काही मिनिटांतच ते आत सोडतात. हात रिमूव्हरमध्ये जाणारच नाही अशा तऱ्हेने चिमटा वापरा आणि शिंतोडा उडाला की मोजा लगेच बदला.

कॉस्टिक सोड्यात बुडवण्याचा सल्ला हमखास मिळेल. रंग खरंच झटपट जातो. पण जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही सोड्यात विरघळतात, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, बॉडी काळी-खरखरीत होते आणि बारीक नक्षी बोथट पडते. व्हिनेगर आणि टॉयलेट क्लीनरसारखी आम्लंही तेच करतात. दोन्हींपासून लांब राहा.

प्लास्टिकचे क्रोम भाग साफ करायचे असतील तर गोष्ट उलटी. ते क्रोम म्हणजे प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा असतो. घरातल्या ब्लीचमध्ये तो भाग ठेवला की मुलामा निघून खालचं प्लास्टिक मोकळं होतं. ब्लीचमध्ये दुसरं काही, विशेषतः आम्ल, मिसळायचं नाही.

चाकं आणि उंची: रंगाच्या आधी

चाकं रंगानंतर बसवायची असं नवशिक्याला वाटतं. नाही. चाकं, बेस आणि बॉडी कोरडीच जुळवून पाहायची, कारण खरं कापाकापीचं काम इथेच असतं आणि रंगलेल्या बॉडीवर कानस चालवायची वेळ येऊ नये.

मॅचबॉक्सची आणखी एक खोड. त्या काळी गाडी काड्यापेटीएवढ्या डबीत मावायला हवी म्हणून बनत होती, ठराविक प्रमाणात नव्हे. त्यामुळे बस १:१०० पेक्षा लहान निघते आणि छोटी मोटार १:६० च्या आसपास. '१:६४ ची चाकं' असं पाकिटावर वाचून घेऊ नका. व्हर्नियरने चाकाच्या कमानीची उंची मोजा, त्यातून १ मिमी वजा करा. चाकाचा जास्तीत जास्त व्यास तेवढाच.

नवी चाकं दुसऱ्या स्वस्त गाडीची घेतली तर पद्धत अशी: तिचा ॲक्सल (दोन चाकांमधली दांडी) मध्यातून कापा. प्रत्येक चाकाला ॲक्सलचा अर्धा तुकडा राहतो, टोकाच्या डोक्यामुळे चाक त्यावर फिरतं पण निसटत नाही. हे दोन तुकडे पितळी नळीत समोरासमोर घालायचे. रुंदी नळीवर ठरते. समजा चाकांच्या बाहेरच्या बाजू एकमेकींपासून २८ मिमीवर हव्यात, चाक ४ मिमी जाड आणि दोन्हीकडे अर्धा मिमी मोकळीक हवी: २८ – ८ – १ = १९ मिमी नळी. ॲक्सलचे तुकडे प्रत्येकी ९ मिमीपेक्षा जास्त नळीत जाऊ देऊ नका, नाहीतर आत एकमेकांवर आदळून रुंदी चुकते. १.६ मिमी नळीचा आतला व्यास ०.९ मिमीच्या जवळपास असतो. ॲक्सल त्याहून जाड निघाला तर २.४ मिमीची नळी घ्या. ॲक्सल घासून बारीक करायला जाऊ नका, तो वाकडाच होतो.

इपॉक्सी तुकड्याच्या आतल्या टोकालाच लावा, चाकाजवळ नाही. तिथे गेलं की चाक जाम. झटपट चिकटणारं सुपरग्लू नळीसाठी नको, एका धक्क्यात सुटतं.

नळी जुन्या ॲक्सलपेक्षा जाड असते, म्हणून बेसवरची खाच तेवढी खोल कानसा. गाडी खाली बसवायची असेल तर याच खाचेत हिशेब करा: खाच १ मिमी खोल केली की गाडी १ मिमी खाली येते, खऱ्या मापात ६४ मिमी. तेवढं पुष्कळ दिसतं. दोन मिमीला टायर कमानीला घासतो आणि कमान आतून खरवडावी लागते. कानशीवर आधी खडू घासून घ्या, म्हणजे झामॅक तिच्या दातांत भरत नाही.

शेवटी खिडकीच्या सपाट काचेवर गाडी ठेवा. चारही चाकं टेकायला हवीत. एक अधांतरी राहिलं तर खाचेत कागदाचा कपटा ठेवून समतोल साधा, मग इपॉक्सी लावा आणि काचेवरच रात्रभर राहू द्या.

छप्पर उतरवणे

पहिल्या गाडीवर हे करू नका. दुसरी-तिसरी गाडी असेल तर करा.

१.५ मिमी कापणं म्हणजे खऱ्या गाडीचं छप्पर ९६ मिमी, सुमारे चार इंच खाली. बस्स झालं. त्यापुढे खिडक्या फटीसारख्या दिसतात. खांबांभोवती अरुंद मास्किंग टेप गुंडाळून दोन रेषा आखा आणि टेपच्या कडेने करवत चालवा. आधी पुढचे खांब, मग मागचे. पुढचे खांब तिरके असतात, त्यामुळे छप्पर खाली आणल्यावर ते खालच्या खांबांशी जुळत नाहीत, छप्पर आखूड वाटतं. मग छपराला आडवा काप देऊन मध्ये पट्टी घालावी लागते, किंवा पुढचे खांब किंचित मागे झुकवावे लागतात. खांब वाकवताना मात्र जपून: झामॅक थंडपणी वाकत नाही, तुटतो. झुकवण्यापेक्षा कापून पुन्हा जोडलेलं बरं.

जोडणी सोल्डरने करू नका. झामॅक ३८० अंश सेल्सिअसच्या वर लगेच वितळतो, शिवाय त्यावरच्या ऑक्साइडमुळे साधं सोल्डर धरतही नाही. तापवत राहिलात तर सोल्डर चिकटायच्या आधी छप्पर लोळागोळा. प्रत्येक खांबाच्या दोन्ही तोंडांत १ मिमीचं भोक, ३ मिमी खोल, त्यात ०.८ मिमी पोलादी तारेची खुंटी, इपॉक्सी, आणि रबर बँडने बांधून २४ तास. उरलेल्या फटींत एम-सील दाबून भरा. ते ओलं असतानाच ओल्या बोटाने गुळगुळीत करा, सुकल्यावर घासण्याचे श्रम निम्मे होतात. बारीक टोचे गाडीच्या पुट्टीने, पातळ थरात.

जुनी काच आता बसणार नाही. पॅकिंगच्या पारदर्शक प्लास्टिकमधून, ०.३ मिमीच्या आसपास जाडीचं, नवी काच कापा.

किमती गाडीची बॉडी हवी असेल तर: रेझिनची प्रत

एखादी बॉडी फार आवडली, पण गाडी फोडण्यासारखी नाही. मग तिची प्रत काढायची: बॉडीभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा आणि साच्यात रेझिन ओतायचं. बेस उघडावा लागतोच, त्यामुळे न उघडलेल्या दुर्मीळ गाडीवर हेही नको. आधीच कुणी उघडलेली शोधा.

बॉडीच्या खिडक्या आणि खालची बाजू मूर्तिकामाच्या क्लेने बंद करा. क्लेमध्ये गंधक असेल तर प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन त्यावर घट्टच होत नाही, चिकट राहतं. साध्या टिन जातीच्या सिलिकॉनला ही अडचण येत नाही आणि ते स्वस्तही. तीन इंची गाडीभोवती कार्डबोर्डची १०० × ५५ × ४५ मिमीची पेटी केली तर आकारमान सुमारे २५० घन सेंमी. दोन भागांच्या साच्याला मिळून ३०० ग्रॅम सिलिकॉन हाताशी ठेवा. कॅटलिस्ट (सिलिकॉन घट्ट करणारं द्रव) डब्यावर दिलेल्या टक्केवारीने, वजनकाट्यावर मोजून. अंदाजपंचे टाकलं की एक कोपरा कच्चा राहतो. ओतताना एका कोपऱ्यातून, बारीक धारेने. बॉडीवर आधी ब्रशने एक पातळ थर लावला तर ग्रिल आणि हेडलाइटमध्ये बुडबुडे अडकत नाहीत.

पॉलियुरेथेन रेझिन बहुतेक १:१ मिसळायचं असतं आणि काही मिनिटांतच घट्ट होऊ लागतं, म्हणून आधी साचा बांधून तयार ठेवा. पावसाळ्यात उघड्या डब्यातलं रेझिन दमट हवेतलं पाणी ओढतं आणि प्रत फेसाळ निघते. डबा लगेच बंद करा. रेझिनची बॉडी हलकी असते. स्लॉट कारच्या (खाचेच्या ट्रॅकवर विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या गाडीच्या) चेसिसवर चढवायची असेल तर धातूपेक्षा हीच बरी. धातूची जड बॉडी वळणावर गाडीला रुळावरून बाहेर फेकते, आणि छोट्या मोटरला तिचं ओझं सोसत नाही.

प्रती स्वतःच्या कामापुरत्या. कंपनीचं नाव असलेल्या प्रती विकायला काढल्या तर ते ट्रेडमार्कच्या भानगडीत जातं.

रंग

जस्तावर साधा ऑइल पेंट किंवा इनॅमल थेट मारला तर काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. रंगातलं तेल आणि जस्त यांची क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. म्हणून आधी एच (etch) प्राइमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा, किंवा इपॉक्सी प्राइमर, गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळतो तो. ६०० नंबरच्या पेपरने बॉडी हलकी घासा, साबणाने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. यापुढे उघड्या बोटांनी हात लावायचा नाही.

प्राइमरचे दोन पातळ थर, २० ते २५ सेंमीवरून, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. स्प्रे बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा. बॉडीवर सुरू केला तर पहिला थेंब तिथेच बसतो. सुकल्यावर १००० चा पेपर, ओला. मग रंगाचे तीन पातळ थर. एका जाड थराने काम आटपलं तर रंग कमानीच्या कडेला ओघळतो आणि दाराची रेघ नाहीशी होते.

कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ड्यूको (थिनरमध्ये कालवायचा गाडीचा लॅकर रंग) मारायचं टाळाच. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि चकाकत्या रंगावर पांढरट धुकं येतं. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. हार्डनरवाला टू-के क्लिअर (रंगावरचा दोन भागांचा पारदर्शक थर) चमकतो सुरेख, पण त्यात श्वासाला घातक आयसोसायनेट असतं आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. घरात त्याचं नाव काढू नका.

रेडलाइनसारखी पारदर्शक चमक हवी असेल तर प्राइमर नाहीच. बॉडी २००० पर्यंत घासून, मग धातूच्या पॉलिशने आरशासारखी करायची आणि त्यावर रंगीत पारदर्शक लॅकर. प्रत्येक ओरखडा दिसतो, पुट्टी भरलेली जागा काळी डागासारखी दिसते, आणि खाली प्राइमर नसल्याने कडांवर रंग लवकर उडतो. छप्पर कापलेल्या गाडीला हे शक्य नाही. पहिल्या गाडीला साधा, अपारदर्शक रंगच घ्या. गडद निळा किंवा मरून चुका लपवतो, पिवळा आणि पांढरा दाखवतो.

जुळवणी

जुन्या काचेवरचे ओरखडे १०००, १५००, २००० अशा ओल्या पेपरने आणि शेवटी रबिंग कंपाउंडने निघतात. काच बसवताना सुपरग्लू अजिबात नको. त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते आणि ती आतल्या बाजूला असल्याने पुसताही येत नाही. साधा पांढरा फेव्हिकॉल, टाचणीच्या टोकाने. सुकल्यावर पारदर्शक होतो.

काच, सीट, चाकं, बेस या क्रमाने ठेवा. दोन्ही स्क्रू आधी सैल फिरवा, मग आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा लावला तर बेस तिरका बसतो आणि एक चाक उचलतं. स्क्रू टेकला की थांबा. झामॅकमधले आटे पाव फेऱ्याच्या हट्टाने सोलवटून निघतात. निघालेच तर एम२.५ चा टॅप मारून मोठा स्क्रू लावा.

बेस बंद करण्याआधीच त्याच्या आतल्या बाजूने बारीक ड्रिल बिटने तुमची खूण आणि साल कोरून ठेवा. स्क्रू पाहून जाणकार ओळखतोच, पण नव्या रेडलाइन टायरसकट उभी असलेली गाडी दोन हात बदलून कुणा नवख्याला 'मूळ' म्हणून विकली जाऊ शकते.

नवी गाडी लगेच प्लास्टिकच्या डबीत बंद करू नका. ड्यूको बोटाला सुका लागला तरी आतून थिनर बाहेर पडत असतो. आठवडाभर उघडी, धुळीपासून झाकलेली राहू द्या. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत तर कधीच नाही. तिच्यातलं तेलकट द्रव्य रंगात शिरतं आणि पिशवीच्या सुरकुत्या बॉनेटवर कायमच्या उमटतात.